संशयाबाहेरची सून

१

आमच्या घरात चोरी झाली आणि माझ्यावर कुणी साधा संशयसुद्धा घेतला नाही. याचं दुःख सरळमार्गी घरांतल्या सुनांना कळायचं नाही. त्यांच्याकडे संशय घेतला म्हणून भांडणं होतात. आमचं घर बँका लुटणाऱ्यांचं. इथे संशय हा मान असतो, आणि तो रविवारी सकाळी माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नवऱ्याला, दिराला आणि धाकट्या जावेला वाटला गेला. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

प्रसंग असा होता. मामंजी काम सोडणार होते. सगळा जन्म त्यांनी बँकांच्या तिजोऱ्या उघडल्या, त्याही एकाच हत्याराने: डॉक्टर छातीला लावतात तो स्टेथोस्कोप. घरात त्याला सगळे नळी म्हणतात. एक टोक तिजोरीच्या दाराला, दोन टोकं कानांत, आणि तबकडी फिरवताना आतले खटके कुठे पडतात ते ऐकायचं. ही नळी आज पुढच्या माणसाच्या हाती जाणार होती. ज्याच्या हाती नळी, तो घरातला मुख्य. कोणती बँक, आत कोण जाणार आणि बाहेर कोण बसणार, सगळं त्याने ठरवायचं.

नळी राहायची हॉलच्या कोपऱ्यातल्या हिरव्या तिजोरीत, आणि ती तिजोरी मामंजी नुसत्या कानाने उघडायचे. आकडे त्यांनी मुद्दाम विसरून टाकले होते. म्हणायचे, पाठ असलेली तिजोरी उघडायची तर मग कपाट काय वाईट? तिच्या तबकडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा घरचा नियम होता. अपवाद सासूबाईंचा. त्या दर शनिवारी तिची पितळी तबकडी आणि मूठ पॉलिश लावून लख्ख पुसायच्या. पुसणारा हात आमच्या घरात हातात मोजत नाहीत.

तर आम्ही सगळे जमलो. आत सासूबाईंचा मिक्सर घरघरत होता. पूर्वी मामंजी तिजोरीला कान लावायचे तेव्हा भिंतीवरचं घड्याळसुद्धा बंद करावं लागायचं. आता मिक्सर चालू असतानाही उघडतात. "कला अशी चढत जाते," भाऊजी माझ्या कानाशी पुटपुटले.

मामंजी आमच्याकडे पाठ करून वाकले. डावा कान दाराला लावला, बोटं तबकडीवर ठेवली, बराच वेळ तसेच राहिले. मग मूठ दाबली आणि दार उघडलं.

आत हातमोजे होते, टॉर्च होता, आणि नळी ज्यात गुंडाळलेली असायची तो जांभळा मफलर होता. मफलरची छान चौकोनी घडी घातलेली होती. नळी नव्हती.

मामंजींचा चेहरा पडला. ते खुर्चीत बसले, आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि घसा साफ करून म्हणाले, "ज्याने ही तिजोरी उघडली, नळी त्याची. पुढची बँकही त्याची."

त्यावर तीन जण एकदमच म्हणाले, "मी."

२

नवरा, दीर, जाऊ. तिघांनीही एका श्वासात गुन्हा कबूल केला आणि मग एकमेकांकडे असे बघायला लागले की जणू दुसऱ्याने खिसा कापला. मामंजींनी तिघांकडे बघून मान डोलावली. हल्ली ते कुणालाच नाही म्हणत नाहीत. मग माझ्याकडे बोट केलं.

"शोध सूनबाई घेईल. तिला तिजोरी उघडता येत नाही, म्हणजे हे काम तिचं असणं शक्यच नाही."

तपासाचा मान मिळाला, पण कसा, तर नालायक म्हणून. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ट्रे हातात होता.

माझं काम गाडीचं. लग्न होऊन आले तेव्हापासून प्रत्येक बँकेबाहेर इंजिन चालू ठेवून मीच बसते. गल्लीबोळ पाठ आहेत, पण आजवर एकाही बँकेचं आतलं मी कामाच्या वेळी बघितलेलं नाही. आतून बाकीचे घामाघूम, लाललाल होऊन येतात, मागच्या सीटवर बसून एकमेकांना टाळ्या देतात आणि मला म्हणतात, "चला." एवढाच माझा वाटा. मला आत जायचं होतं. एकदा तरी. दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि धाकटी? ती कुलपं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. कानामागून आली आणि तिखट झाली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आत गेली. मामंजी तिच्या कानांचं कौतुक करतात, कानातल्यांचं कौतुक करावं तसं. गेल्या आठवड्यात ती मला गोड आवाजात म्हणाली, "ताई, नळी माझ्याकडे आली ना, की तुमच्या सीटला मी छान मऊ कव्हर घालून घेणार. तुम्हाला तिथेच तर बसायचंय." त्या कव्हरचा विचार करून मला दोन रात्री झोप लागली नव्हती.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, चोर कुणीही निघो, धाकटी निघता कामा नये.

आधी घराची झडती झाली. ती या तिघांनीच घेतली, कारण तिघांचंही म्हणणं एकच होतं: नळी मीच काढली, पण जिथे लपवली तिथून दुसऱ्या कुणीतरी पळवली. चोरांच्या घरात असा दावा खोडता येत नाही. त्यांनी कुलूपवाल्या पेट्या उघडल्या, लॉकरचं कपाट उघडलं, माझ्या टेबलाचा कुलूपबंद खण माझ्यासमोर केसाच्या पिनेने उघडून दाखवला. घरातली कुलपं संपली तसं त्यांचं शोधणंही संपलं.

मग मी तिघांना एकेक करून गाडीत बोलावलं. माझं ऑफिस तेच. आणि पहिले आले ते आमचे हे. बसले आणि म्हणाले, "हे बघ, बायको म्हणून काही सवलत नको. चोर मीच आहे."

३

"कधी केलीत चोरी?" मी विचारलं.

"काल दुपारी. तुम्ही सगळे इकडेतिकडे होतात तेव्हा."

"काल सकाळी नळी होती?"

"होती. शुक्रवारी रात्री बाबांनीच काढून दाखवली होती की. नंतर ठेवली, दार लावलं. सगळ्यांनी बघितलंय."

हे खरं होतं. म्हणजे चोरी त्यानंतरचीच.

"अहो, काल दुपारी तुम्ही गॅरेजमध्ये होतात. माझ्याबरोबर. गाडीखाली आडवे होऊन मला पाना देत होतात. संध्याकाळपर्यंत."

"मी नव्हतो."

"तुमच्या नखांत अजून ग्रीस आहे."

त्यांनी हात खिशात घातले. मला काल किती बरं वाटलं होतं ते यांना काय सांगू. बारा महिने तेरा काळ धोक्याच्या घंटांच्या तारा तोडत बसणारा माझा नवरा न बोलावता आला, माझ्या गाडीशी बसला, मला वाटलं जीव लागला. आणि आज चोरीचं श्रेय मिळावं म्हणून तीच दुपार नाकारायला तयार झाला.

"नळी तुम्हाला हवीय तरी कशाला?" मी विचारलं. "आवाज ऐकणं तुमचं काम नाही."

"मोठा मुलगा मी आहे. आणि बाबांनी मला कबूल केलंय. मागच्या महिन्यात मी त्यांना सरळ विचारलं, नळी मला द्याल ना? तर चांगली दोनदा मान डोलावली." त्यांनी खिशातले हात बाहेर काढले. "त्या मागच्या बँकेसारखं पुन्हा व्हायला नको. आम्ही जीव मुठीत धरून आत गेलो आणि तिजोरी रिकामी निघाली."

ती बँक मला चांगली आठवत होती. मामंजी तिजोरीपाशी एकटेच होते. बाहेर येऊन म्हणाले, "आत काही नव्हतं," आणि सगळे हात हलवत गाडीत येऊन बसले.

"रिकामी होती हे तुम्ही बघितलंत?"

"बाबांनी सांगितलं की. बघायचं काय त्यात?"

यांचं नाव मी यादीतून काढलं. मग गाडीचं दार उघडून भाऊजी आत आले. टाय घातलेला, डाव्या कानात कापूस, आणि हातात पेढ्याची पेटी असल्यासारखा चेहरा.

४

भाऊजींचं काम बोलण्याचं. कर्ज हवंय असं सांगून ते बँकेत जातात, मॅनेजरशी गप्पा मारतात आणि आतला सगळा नकाशा डोक्यात घेऊन येतात. त्यामुळे घरात त्यांना सगळे मॅनेजरच म्हणतात. खोटं इतकं सुरेख बोलतात की ऐकताना आपल्यालाच ते कर्ज द्यावंसं वाटतं.

"वहिनी, वेळ घालवू नका. काल दुपारी मी तिजोरीपाशी बसलो. कान लावला, डोळे मिटले, आणि सांगतो, ती बोलायला लागली हो माझ्याशी."

"कोणता कान लावलात?"

"उजवा. डाव्यात औषध घातलंय ना आठवडाभर. ठणकतोय."

"चला, दाखवा कसा लावलात ते. तबकडीला हात लावायचा नाही, नुसता कान."

आम्ही हॉलमध्ये गेलो. तिजोरी अगदी कोपऱ्यात, आणि तबकडीच्या डाव्या बाजूला लगेच भिंत. डावा कान लावायचा तर तोंड खोलीकडे येतं, ते जमतं. उजवा लावायला गेलं की तोंड भिंतीकडे होतं. भाऊजी वाकले, मान वळवली, आणि नाक भिंतीवर असं घासलं की नाकाच्या शेंड्याला चुना लागला.

"काल भिंत थोडी लांब होती बहुतेक," ते म्हणाले.

"भाऊजी."

"बरं, नाही उघडली मी. पण वहिनी, बाबांनी मला शब्द दिला होता. मी म्हटलं, मला मिळेल ना? त्यांनी हसून मान हलवली. मग काय समजायचं माणसाने? आणि दादाला मिळाली तर मी काय जन्मभर मॅनेजर लोकांचा चहाच पीत बसू?"

बिचाऱ्यांचं मला पटलं. गाडीत बसणं काय आणि चहा पिणं काय. पण ते आत तरी बसतात, खुर्चीत, पंख्याखाली. माझी कीव लगेच आटली.

दोघे गेले. उरली ती एकच, आणि मला जी नको होती नेमकी तीच. मी वळले तर धाकटी माझ्या मागेच उभी होती. केव्हा आली ते कळलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "आता मला विचाराल ना?"

५

तिला मी गाडीत नेलं नाही. तिथे बसून तिने सीटकडे बघितलं असतं. आम्ही तिजोरीसमोरच बसलो.

"कशी उघडलीस?"

"काल संध्याकाळी बसले. दोनदा डावीकडे पूर्ण फिरवली, एकदा उजवीकडे, खटका ऐकला, मूठ दाबली." तिचे डोळे शांत होते. "मामंजी मला म्हणालेच होते, नळी तुझी."

"म्हणाले की मान डोलावली?"

"तेच ते."

हिने सांगितलेलं सगळं बरोबर होतं. वेळ, कान, पद्धत, काहीच खोडता येईना. मला आता त्या मऊ कव्हरचा रंगसुद्धा दिसायला लागला. मी नजर चुकवायला म्हणून तबकडीकडे बघितलं, आणि तिथेच अडकले.

तबकडी आणि दार यांच्यामध्ये बारीक फट असते. सासूबाईंच्या पॉलिशचं वाळून पांढरं पीठ झालं होतं आणि ते त्या फटीत गोल बसलं होतं. सगळीकडून अखंड. एवढीशी चीर नाही. तबकडी केसभर जरी फिरली असती तरी ते पीठ निखळून खाली पडलं असतं.

"आईंनी पॉलिश केव्हा केलं?" मी विचारलं.

"काल. जेवणानंतर लगेच. का?"

"आणि तू तबकडी दोनदा डावीकडे फिरवलीस. त्या पॉलिशनंतर?"

तिने फटीकडे बघितलं. हुशार आहे, कळायला क्षणही लागला नाही. खाली मान घातली. मला वाटलं मला आनंद होईल.

"मी हातच लावला नाही, ताई," ती म्हणाली. "कधीच नाही. समजा लावला आणि नाही उघडली? मला या घरात आणलं ते कानांसाठी. कान खोटे ठरले तर मी इथे कोण? तुम्हाला निदान गाडी तरी येते. तुम्ही चालवता तेव्हा सगळे गप्प बसून तुमच्या हातांकडे बघत असतात. मला किती हेवा वाटतो त्याचा, म्हणून ते कव्हरचं बोलले मी."

मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळत होती, आणि दोघींची धग एकमेकींना फुकटच. मी तिला पाणी दिलं आणि पाठवलं.

मग एकटीच तिजोरीसमोर उभी राहिले, आणि हिशेब जुळवायला लागले. पॉलिश शनिवारी दुपारी झालं. रविवारी सकाळी तिजोरी आणखी एका माणसाने उघडली होती, आम्हा सगळ्यांसमोर, कान लावून, तबकडीवर बोटं ठेवून. आणि पीठ अजून जसंच्या तसं होतं.

६

मी ड्रायव्हर. बंद गाडीपाशी गेलं की किल्ली काढण्याआधी मी दार ओढून बघते, लॉक आहे की नाही. आमच्या घरातल्या बाकीच्या कुणालाही ही सवय नाही. त्यांना दार दिसलं की कुलूपच दिसतं. मी तिजोरीची मूठ अलगद दाबली. दार उघडलं. मी पुन्हा लोटून घेतलं.

आता एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. मिक्सर चालू असताना तिजोरी उघडणारे मामंजी. सगळ्यांना मान डोलावणारे मामंजी. मागच्या बँकेतली ती 'रिकामी' तिजोरी. आणि एक माझी स्वतःची गोष्ट: मागच्या महिन्यात गल्लीत ते गाडीसमोर चालत होते, मी हॉर्नवर हॉर्न वाजवला, ते बाजूला झाले नाहीत. मला वाटलं, सुनेच्या हॉर्नला कसला मान द्यायचा. चार दिवस धुसफुसत होते मी. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

मामंजींना ऐकू येत नव्हतं. एकदा तिजोरी खरोखर बंद केली तर पुन्हा उघडणार नाही, म्हणून ते ती नुसती लोटून ठेवत होते आणि आमच्याकडे पाठ करून नाटक करत होते. म्हणजे नळी कुणीही काढू शकत होतं. पण उघडी आहे हे ठाऊक असायला मुठीला हात लागायला हवा. मूठ जोरात घासायला हवी.

आणि मफलरची घडी. या घरात काढलेल्या वस्तूची घडी घालणारं एकच माणूस आहे.

सासूबाई स्वयंपाकघरात ओटा पुसत होत्या. मी दार लावून घेतलं.

"आई, नळी कुठे आहे?"

त्यांनी फडकं पिळलं. "औषधांच्या खणात. रक्तदाबाच्या यंत्राशेजारी. डॉक्टरी वस्तू डॉक्टरी सामानात ठेवली, त्यात काय?"

"तो खण तर उघडाच असतो."

"म्हणून तर कुणी बघितला नाही."

काखेत कळसा आणि घरभर वळसा. मी स्टूल ओढून बसले.

"काल आजच्या समारंभासाठी मूठ नेहमीपेक्षा जोरात घासली, तर दार हातातच आलं," त्या सांगायला लागल्या. "मी बघतच राहिले. मग समजलं. दीड वर्ष, अगं, दीड वर्ष मी या माणसाशी बोलते आणि हा मान डोलावून निघून जातो. मला वाटायचं, कंटाळलाय माझ्या बोलण्याला. मी रागाने बोलणं कमी केलं. तेही त्याला कळलं नाही. आणि खरं काय ते कुणाला ठाऊक होतं, तर त्या तिजोरीला. त्या लोखंडाला ठाऊक होतं, मला नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हातातलं फडकं कोरडं झालं तरी पिळणं चालूच होतं.

"जन्मभर ती नळी लावून तिजोऱ्यांच्या छातीशी बसला. तासन्‌तास. श्वाससुद्धा रोखून. माझं बोलणं असं एकदा तरी ऐकलं का? मी नळी काढली ती यासाठी, की आता तरी तो माझ्याकडे येईल आणि म्हणेल, अगं, तिजोरी उघडीच होती. मला ऐकू येत नाही. एवढं म्हटलं असतं तर मी लगेच दिली असती. पण बसलाय बाहेर गप्प. मुलं भांडतायत तरी गप्प. आणि माझ्यावर तर त्याला संशयसुद्धा आला नाही."

"माझ्यावरही नाही," मी म्हटलं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. इतक्या वर्षांत त्या मला आपल्या वाटल्या त्या तेव्हा.

"आता तू सगळ्यांना सांगणार," त्या म्हणाल्या. "सांग. तपास तुझा आहे."

सांगितलं तर? मामंजींची मान मुलांसमोर खाली जाणार, आणि पुन्हा वर यायची नाही. नाही सांगितलं तर पुढच्या बँकेत हे तिघं काय गोंधळ घालतील देव जाणे. आणि माझं आत जाणं राहिलं ते राहिलंच. मग उठले, औषधांचा खण ओढला आणि नळी गळ्यात अडकवली.

"आई, ही तासाभरासाठी घेते. परत करीन. चोराचा शब्द आहे."

७

संध्याकाळ व्हायच्या आत सगळे हॉलमध्ये जमले. सासूबाई पहिल्यांदाच बाहेर येऊन बसल्या.

"चोर सापडला," मी म्हटलं. "यांनी चोरी केली नाही, हे गॅरेजमध्ये होते. भाऊजींनी केली नाही, त्यांच्या नाकावर अजून पुरावा आहे. धाकटीनेही केली नाही, ते तिने मला स्वतः सांगितलं. चोर मी."

मी गळ्यातली नळी वर धरली. आमचे हे हसले. त्यांचं बघून भाऊजी हसले.

"वहिनी, तुम्हाला तिजोरी उघडता येत नाही," भाऊजी म्हणाले.

"बघा तर."

मी तिजोरीपाशी गेले. सगळ्यांकडे पाठ केली. डावा कान थंड दाराला लावला, बोटं तबकडीवर अशी ठेवली की पीठ हलणार नाही. डोळे मिटले. मामंजी जितका वेळ राहायचे तितका वेळ राहिले. आत काही ऐकू येत नव्हतं, माझंच काळीज धडधडत होतं. मग मूठ दाबली.

दार उघडलं. मागे हसू थांबलं.

मी वळले ती सरळ मामंजींकडे बघत. घरात ती तिजोरी उघडी आहे हे जाणणारे तिघंच होते: ते, सासूबाई आणि आता मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तबकडीच्या फटीकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. सगळं समजलं त्यांना. डोळे भरून आले, ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने लपवले.

"मामंजी, खोटं असेल तर सांगा," धाकटी म्हणाली. "बंद करून मलाही एकदा बघू द्या ना."

मामंजींनी तिच्या ओठांकडे बघितलं, आणि मान डोलावली नाही. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नळी सूनबाईची," ते म्हणाले. "बँकही."

चोरावर मोर म्हणतात तो मीच झाले. तिघांची तोंडं अशी झाली होती की मला त्यांचा फोटो काढून फ्रेम करावासा वाटला. इतकी वर्षं मी ज्या नजरेने त्यांच्याकडे बघत आले, त्याच नजरेने ते माझ्याकडे बघत होते. खोटं कशाला बोलू, फार गोड लागलं.

मग मी पहिला हुकूम सोडला. आतले हातमोजे आणि टॉर्च काढून घेतले, दार लावलं आणि तबकडी गरकन फिरवली. पांढरं पीठ फरशीवर पडलं. आता ती तिजोरी खरोखरच बंद झाली.

"धाकटे, ही तुझी. तू उघडलीस की पुढची बँक, तोपर्यंत सगळ्यांना सुट्टी. नुसत्या कानाने उघडायची, मामंजींसारखी. नाही उघडली तर कुणी काही म्हणणार नाही, पुन्हा बसायचं. बँकेत ऐकायचं काम तुझंच. मी बाजूला उभी राहीन. मुख्य माणसाने हात मळवायचे नसतात."

"आणि गाडी?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तुम्ही चालवाल. उद्यापासून शिकवते. सीटला मऊ कव्हर घालून घेऊ."

धाकटीने माझ्याकडे बघितलं, आणि कानावरचे केस मागे सारून तिजोरीसमोर बसली. भाऊजी उठून घड्याळ बंद करायला गेले.

मी कबूल केल्याप्रमाणे नळी सासूबाईंना परत दिली आणि चहा टाकायला म्हणून थोड्या वेळाने स्वयंपाकघरात गेले. दारातच थांबले. मामंजी स्टुलावर बसले होते. नळीची दोन टोकं त्यांच्या कानांत होती. तिसरं, गोल टोक सासूबाईंनी दोन्ही हातांनी ओठांशी धरलं होतं आणि त्या त्यात काहीतरी बोलत होत्या, हळू, भरभर, दीड वर्षाचं साठलेलं. मामंजी डोळे मिटून ऐकत होते. श्वास रोखून.

काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. एवढंच बघितलं की मध्येच मामंजींनी डोळे उघडले आणि ठासून मान आडवी हलवली. "नाही," ते म्हणाले, "तसं नव्हतं ते. ऐक तू." आणि सासूबाईंचा चेहरा असा उजळला, जणू आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी भांडायला आलं होतं.

मी हॉलमध्ये परतले. आमचे हे सोफ्यावर बसून हाताने हवेतल्या हवेत गिअर टाकून बघत होते. दोन्ही कान ठणठणीत.

"अहो," मी म्हटलं, "मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

"हं," ते म्हणाले, आणि गिअर बदलला.

मी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि सासूबाईंचं बोलणं थांबेपर्यंत उभी राहिले.

"आई," मी विचारलं, "तुमचं झालं की नळी जरा मला द्याल का?"